सोबतीला कोण?

"सोबतीला कोण?" असं विचारून ती नेहमीप्रमाणे गप्प झाली. नेहमीप्रमाणे तिनं नजर कुणावरच ठरू दिली नाही, कारण नजर एकावर ठरली की तो माणूस दबतो आणि दबून केलेलं काम टिकत नाही, असं तिला शिकवलेलं होतं. हातातलं पेन तिनं टेबलावर आडवं ठेवलं. कॅन्टीनच्या आतल्या बाजूला कपबशा विसळण्याचा आवाज येत होता, तोही नेमका तेव्हाच थांबला. सभेला आलेली माणसं, म्हणजे मीटर वाचणारे, पंपघरातले, बिलं काढणारे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या दोघी, आपापल्या चपलांकडे, नखांकडे, पंख्याकडे बघायला लागली. आणि मग, कुणीही न ठरवता, सगळ्यांच्या माना हळूच खिडकीलगतच्या खुर्चीकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती. ती रिकामी असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्ताच तिनं स्वतः सांगितलं होतं की नकाशाताई दवाखान्यात आहेत, उद्या दुपारी त्यांचं ऑपरेशन आहे, पित्ताशयात खडे झालेत, घाबरण्यासारखं काही नाही, पण इथं घरचं कुणी नाही म्हणून संघटनेतर्फे एखाद्यानं सोबतीला जायला हवं. ऐकून सगळे चुकचुकलेही होते. तरीसुद्धा माना वळल्या. तिचीही वळली. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं. खुर्चीच्या पाठीवर ताईंचा करडा स्वेटर तसाच टांगलेला होता. कॅन्टीनच्या खिडकीतून वारा येतो म्हणून त्या तो तिथंच ठेवून जायच्या.

या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात संघटना म्हटलं की पगारवाढ, बदल्या, पाळ्यांची भांडणं हे सगळं होतंच. पण संघटनेचं नाव होतं ते सोबतीसाठी. कुणी आजारी पडलं, दवाखान्यात भरती झालं आणि घरी माणसं कमी असली की इथलं कुणीतरी जाऊन बसायचं. करायचं काही नाही. औषधाची चिठ्ठी घेऊन खाली जायचं, चष्मा सांभाळायचा, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवायचं, आणि बाकीचा वेळ नुसतं असायचं. हे पूर्वीपासून चालत आलेलं होतं आणि कुणाला जायला सांगायचं नाही, विचारायचं, हा त्यातला नियम होता. गेली तीन वर्षं विचारायचं काम तिच्याकडे होतं. ती विचारायची, थांबायची, आणि खिडकीजवळून एक हात वर यायचा. पूर्ण नाही, कानापर्यंतच. बस थांबवावी की राहू द्यावी अशा बेतानं. मधल्या बोटाला शाई लागलेली असायची, कारण सगळं कॉम्प्युटरवर गेलं तरी शहराच्या रस्त्यांखालच्या जुन्या नळांचे नकाशे ताई अजून हातानंच दुरुस्त करायच्या. "मी जाते की," त्या म्हणायच्या. "मला काय, जवळच आहे." दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असला तरी हेच. त्यावर पंपवाले काका दरवेळी म्हणायचे, ताईंना सगळं जवळच, नकाशात बोटभर अंतर असतं ना. सगळे हसायचे. ताईही हसायच्या. हसून झालं की सभा पुढच्या विषयाकडे वळायची, आणि ती समोरच्या कागदावर ताईंचं नाव लिहायची, कधी कधी त्यांचा हात वर यायच्या आधीच. हे आत्ता तिला आठवलं. आधीच लिहायची.

थांबायला तिला मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर म्हणजे संघटनेचे जुने सरचिटणीस. आयुष्यभर मीटर वाचले, पण कुणालाही काहीही समजावून सांगायची हौस, म्हणून मास्तर. शनिवारी दुपारी भांडारघराच्या माळ्यावर, गंजलेल्या व्हॉल्व्हच्या वासात, ते नव्या पोरांचा नेतृत्वाचा वर्ग घ्यायचे. तिला वर्गासाठी निवडलं तेव्हा तिची लेक बबडी सात-आठ महिन्यांची होती. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर ऑफिसनं तिच्याशी अर्ध्या माणसाशी बोलावं तसं बोलायला सुरुवात केली होती. झोप होते का गं, वजन उतरलं की, घरी सांभाळतं कोण. तक्रारींच्या फोनवर तिला बसवलं होतं कारण तिथं उठावं लागत नाही. दुपारी ब्लाउज ओला व्हायचा आणि फोनवर एखादा गृहस्थ, आमच्या मजल्यावर थेंब येत नाही बाई, म्हणून ओरडत असायचा. अशा दिवसांत मास्तर येऊन म्हणाले, तुझा आवाज चांगला आहे, वर्गाला ये. त्या माळ्यावर गेलं की अंगाचा दुधाचा वास तिचा तिलाच यायचा नाही. तिथं ती कुणाची आई नव्हती, रजेवरून आलेली नव्हती. तिथं तिला प्रश्न विचारले जायचे आणि तिची उत्तरं ऐकली जायची. मास्तर सांगायचे, पुढारी तो नव्हे जो स्वतः धावतो, ज्याच्यामुळे दुसरे उठतात तो. विहिरीत दगड टाकावा तसा प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. पाण्याचा आवाज यायला वेळ लागतो. तेवढा दम ज्याला निघत नाही तो स्वतःच दोर सोडून खाली उतरतो, आणि मग जन्मभर विहिरीतच. विचारणाऱ्यानं स्वतःचा हात कधी वर करायचा नाही. एकदा केलास की लोक म्हणतील, ही आहेच की. तिला हे फार पटलं होतं. पुढेही त्यांनी काहीतरी सांगितलं होतं, आवाज आला म्हणजे झालं असं नाही, अशी काहीतरी सुरुवात होती. पण पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली होती, तिचा एक पाय जिन्याकडे होता, आणि पुढचं वाक्य तिनं ऐकलं नाही. नंतर विचारू म्हणून राहून गेलं. मास्तर गेल्यालाही आता वर्ष झालं.

थांबणं तिला जमलं. इतरांना जमायचं नाही. बिलं काढणारा तो चुणचुणीत पोरगा, ज्याला पुढच्या वर्गासाठी तिनंच सुचवलं होतं, प्रश्न विचारून तीन श्वासही काढायचा नाही, लगेच विनोद करायचा किंवा उत्तर स्वतःच द्यायचा. ती मात्र शांत उभी राहायची. शांततेचं एक अंग असतं हे तिला कळायला लागलं होतं. आधी ती नुसती रिकामी असते, मग हळूहळू भरत जाते, खोली जड होते, कुणीतरी घसा खाकरतं, आणि मग अगदी काठोकाठ आल्यावर हात वर येतो. तो क्षण तिला आवडायचा. आपण काही न करता काहीतरी घडवलं असं वाटायचं. तिच्या सभेत प्रश्न लोंबकळत राहत नाही अशी तिची ख्याती झाली. दुसऱ्या विभागातल्या संघटनेनं तिला बोलावलं, थांबावं कसं यावर तिनं तासभर बोलून दाखवलं, आणि बोलून बोलून घसा बसला तेव्हा नवरा म्हणाला, गप्प कसं बसायचं हे सांगायला एवढं बोलावं लागतं होय. घरीही तिनं ते करून पाहिलं होतं. एका संध्याकाळी सगळ्या खोलीभर ठोकळे पसरलेले, नवरा पायावर पाय टाकून बसलेला, सासूबाई गुडघ्यांना तेल चोळत बसलेल्या, आणि ती मधोमध उभी राहून म्हणाली, "हे कोण उचलणार?" आणि थांबली. नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं काढलं नाही. सासूबाईंनी गुडघ्याकडे बघितलं. बबडी एकदा बाबांकडे, एकदा आजीकडे, एकदा आईकडे बघत राहिली, तिचा खालचा ओठ आत गेला, आणि मग तिनं हात वर केला. कानापर्यंत. "मी," ती म्हणाली, आणि लगबगीनं ठोकळे गोळा करायला लागली, जणू कुणी मागं लागलंय. ते बघून ती स्वतः केवढी हरखली होती तेव्हा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. नकाशाताईंनाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लहान आहे गं फार." तिला वाटलं, कौतुकानंच म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या एकीनं पर्स उघडून मिटली. मीटरवाल्यांपैकी एकानं शेजाऱ्याच्या कानात काही म्हटलं. तिच्या लक्षात आलं की ती अजून थांबलीच आहे आणि ही शांतता नेहमीसारखी भरत नाही आहे. ती नुसती पसरते आहे, फुटलेल्या नळाचं पाणी मातीत पसरावं तशी, वर काही दिसत नाही आणि खालून जमीन पोकळ होत जाते. तक्रारींच्या फोनवर असल्या गळत्या उशिरा कळतात. ताईंचा पत्ताही तसाच कळला होता. आज सकाळी फोन आला, एक म्हातारा आवाज, आणि ती सवयीनं म्हणाली, कुठल्या रस्त्यावर पाणी येत नाही, सांगा. म्हातारा म्हणाला, पाणी येतंय हो, माणूस नाहीये. तो ताईंचा शेजारी होता. ताईंच्या दारावर ऑफिसच्या तक्रार विभागाचा नंबर चिकटवलेला, इमारतीतल्या कुणालाही लागला तर असावा म्हणून, तेवढाच त्याला सापडला. रात्री दुखायला लागलं, टॅक्सी करून एकटीच गेली, मला दार बघा म्हणाली, पण ऑपरेशन म्हणजे कुणीतरी हवं ना बाई, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ताईंचं घर आपण पाहिलेलं नाही. त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले एवढं माहीत होतं, तेही संघटनेनं फुलं पाठवली म्हणून. वडील आजारी असताना ताई कुणाकुणाच्या उशाशी बसायला गेल्या होत्या हे मात्र तिला आठवत होतं, कारण त्या नावांच्या चिठ्ठ्या तिच्याच हातच्या होत्या. त्या काळात वडिलांजवळ कोण असायचं? हे कुणी विचारलं नव्हतं. सभेत विचारलेलं नव्हतं म्हणजे विचारलेलंच नव्हतं.

आणि खुर्च्या. ती रिकामी खुर्ची बघता बघता तिला त्या घडीच्या खुर्च्या आठवल्या. सभा संपली की लोक पांगायचे आणि ताई एकेक खुर्ची मिटून भिंतीशी लावायच्या. एकदा तिला घाई नव्हती म्हणून तीही लावू लागली. ताई म्हणाल्या, वर्गात शिकवतात तरी काय गं तुम्हाला? ती म्हणाली, थांबायला. ताई हसल्या. म्हणाल्या, "मला तेवढंच जमत नाही बघ." मग एक खुर्ची मिटता मिटत नव्हती, तिच्याशी झटापट करत, खाली बघतच त्यांनी विचारलं होतं की या वयात घेतात का वर्गात. आणि ती, खरंच चांगुलपणानं, मनापासून म्हणाली होती, "तुम्हाला काय गरज आहे ताई? तुम्ही तर प्रत्यक्ष कामच करता." ताईंनी खुर्ची मिटवली. "हो, तेही आहेच," म्हणाल्या. विषय संपला. पुढच्या आठवड्यात तिनं बिलवाल्या पोराचं नाव दिलं, कारण तो बोलका होता आणि पुढं जाईल असा होता. कुणी पुढं जायचं आणि कुणी जवळच आहे म्हणून जायचं, हे तिनं खुर्च्या लावता लावता, हसत हसत ठरवून टाकलं होतं. तो बिलवाला आत्ता दुसऱ्या रांगेत बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती. तो सोडून पुन्हा बांधत होता.

उद्या तिला जमणार नव्हतं. नवऱ्याची दिवसपाळी, सासूबाईंना बबडीच्या मागं पळवत नाही, पाळणाघरात कांजिण्यांची साथ म्हणून चार दिवस कुलूप. ही सगळी कारणं खरी होती. समोर बसलेल्या प्रत्येकाकडे अशीच खरी कारणं असतील हेही तिला दिसत होतं. पंपवाल्या काकांची बायको अंथरुणाला खिळलेली, प्रयोगशाळेतल्या एकीची परीक्षा. अशी कारणं ज्याच्याकडे नाहीतच, असं इतके दिवस आपण कुणाबद्दल समजत होतो? खोली आता ऐकू येईल इतकी गप्प होती. तिला घाम आला. मानेमागून निघून पाठीवर एक ओघळ गेला. सगळे आता खुर्चीकडे नव्हे, तिच्याकडे बघत होते, वाट बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता, मागणी नव्हती, फक्त ही वेळ कुणीतरी संपवावी एवढंच होतं. कुणीतरी. तिला वाटलं आपण ओरडू, किंवा हसू. तिचा हात वर गेला. तिनं वर केला असं म्हणता येणार नाही. तो कानापर्यंत गेला आणि तिथं थांबला, आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला, "मी जाते की." खोलीनं श्वास सोडला. दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. आत कपबशा पुन्हा वाजायला लागल्या. सभा संपल्यावर जाता जाता पंपवाले काका तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, तुम्ही असल्यावर काय काळजी. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ते तिनंच ताईंना किती वेळा म्हटलं होतं.

नवऱ्यानं कुरकुर न करता रजा टाकली. त्यानं कुरकुर केली असती तर बरं वाटलं असतं. दवाखान्यात ताई खिडकीजवळच्याच खाटेवर होत्या, हिरव्या झग्यात, केस दोन वेण्यांत घट्ट बांधलेले, त्यामुळे शाळेतल्या मुलीसारख्या दिसत होत्या. बोटावरची शाई नर्सनं स्पिरिटनं पुसून काढली होती. ते बोट उघडं पडल्यासारखं दिसत होतं. तिला पाहून ताई उठायला गेल्या. अगं, तू कशाला, पोर लहान आहे तुझी, कुणी सांगितलं तुला, शेजारच्या आजोबांना मी बजावलं होतं, असं सगळं एका दमात. मग तिला बसायला जागा हवी म्हणून स्वतःच पाय आवरून घेतले. ती स्टुलावर बसली. स्वेटर आणला होता तो त्यांच्या पायांवर घातला. सोबतीला आलेल्या माणसानं काय बोलायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. तीन वर्षं माणसं पाठवली, स्वतः एकदाही गेली नव्हती. पलीकडच्या खाटेवरची बाई घोरत होती. थोड्या वेळानं ताईंनी छताकडे बघत विचारलं, "सभेत विचारलंस का गं माझ्यासाठी?"

"विचारलं ना. किती जण तयार होते. पंपवाले काका, बिलवाला, प्रयोगशाळेतल्या दोघी... शेवटी मीच म्हटलं की मी जाते."

ताई हसल्या. पोटाला दुखलं असावं, हात दाबून धरला. "तू खोटं बोलायला लागलीस की फोनवरच्या आवाजात बोलतेस. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, तसं."

तिला वाटलं ताई आता रडतील, किंवा काहीतरी लागेल असं बोलतील आणि मग आपल्याला मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. ताई स्वेटरच्या लोकरीचे गोळे एकेक करून खुडत राहिल्या. मग बोलायला लागल्या, तिच्याशी म्हणून नव्हे, भूल द्यायच्या आधी माणूस बोलतो तशा. त्यांच्या लहानपणी घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की वडील सगळ्या भावंडांना ओळीनं उभं करायचे. मारायचे नाहीत. कधी आवाजही चढवला नाही. विचारायचे, कोणी केलं? आणि थांबायचे. कितीही वेळ. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजायचं. मोठा भाऊ दगडासारखा उभा, धाकटीला हुंदके, आई स्वयंपाकघराच्या दारात. ताई म्हणाल्या, "मी केलेलं नसायचं गं बहुतेकदा. पण ते थांबणं संपायचं नाही ना. मग मी हात वर करायचे. मला शिक्षा व्हायची, पण सगळे पुन्हा हलायला लागायचे. आई भाकरी थापायला लागायची. तेवढं बरं वाटायचं." बोलता बोलता त्या तिच्याकडे वळल्या, आणि त्यांच्या तोंडावर तक्रार नव्हती, उलट एक प्रकारची शाबासकीच होती. "तू अगदी त्यांच्यासारखं थांबायचीस. इतकं सुंदर कुणालाच जमलं नाही. मास्तरांनाही नाही."

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉय म्हणाला, चला ताई, तुमचा नंबर लागला, फिरवून आणतो. ताई म्हणाल्या, लांब आहे का? तो म्हणाला, छे, जवळच. त्या वळणाशी दिसेनाशा होईपर्यंत ती त्यांचा चष्मा हातात धरून उभी होती. मग स्टुलावर येऊन बसली. चष्म्याच्या एका दांडीला दोरा गुंडाळलेला होता. सगळं ठीक झालं, डॉक्टर येऊन सांगून गेले, खडे एका बाटलीत घालून दाखवले; तिनं मान डोलावली आणि ते काय म्हणाले ते लक्षात ठेवलं. संध्याकाळी ताईंना खाटेवर आणलं तेव्हा त्या झोपेत होत्या. नर्स म्हणाली, आता त्या सकाळपर्यंत उठायच्या नाहीत, रात्री आम्ही कुणाला थांबू देत नाही, तुम्ही निघा. ताईंचा हात चादरीबाहेर होता. त्यात सलाईनची सुई. तो हात आज हलू नये म्हणून फळीला पट्टीनं बांधून ठेवला होता. ती बराच वेळ त्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिली. मास्तर पुढं काय म्हणाले असतील? आवाज आला म्हणजे झालं असं नाही, मग काय? कुणाचा आवाज आला ते बघ? खाली कुणी पडलंय का ते वाकून बघ? की काहीतरी अगदीच साधं, चहा प्यायला चला असलं? आता कुणाला विचारणार. विचारून थांबलं तरी उत्तर येणार नाही अशी ती एकच जागा उरली होती.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. नवरा आत काहीतरी शोधत होता, कपाटांची दारं उघडमीट करत. सासूबाई टीव्हीसमोर पेंगत होत्या. तिनं चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि पुढं पाऊल टाकलं तसा तळवा थंडगार ओला झाला. टेबलाखालून दारापर्यंत पाणी पसरलं होतं, त्यात उलटा पडलेला पेला. दिवसभराचा शीण, स्टूल, स्पिरिटचा वास, सगळं अंगात होतं आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "हे कोणी सांडलं?" आवाज चढवला नव्हता. ती फक्त उभी राहिली. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. टेबलापाशी बबडी बसली होती, हातात रंगाचा खडू. तिनं आजीकडे बघितलं. आतल्या दाराकडे बघितलं. आईकडे बघितलं. खालचा ओठ आत गेला. आणि खडूसकट हात वर आला.

"अगं, मी सांडलंय ते," नवरा फडकं घेऊन बाहेर आला. "पुसायचं फडकं ठेवता कुठं तुम्ही लोक? तिला काय विचारतेस, ती जागची हललेली नाही."

तो वाकून पुसायला लागला. हात अजून वरच होता, कानाशी. बोटांना निळा रंग लागला होता. ती तशीच ओल्या फरशीवर बसली, बबडीच्या तोंडासमोर तोंड येईल अशी, आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाली, "तू सांडलंस, बाळा?"

बबडीनं मान हलवली. नाही.

"मग हात का वर केलास?"

बबडीला हा प्रश्न सोपा वाटला असावा. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली. "तू थांबली होतीस ना," ती म्हणाली.

साडी खालून भिजत गेली. नवरा म्हणाला, उठ, ओली होशील. तिनं तो निळा हात धरला आणि खाली आणला. तो सहज खाली आला, काहीच विरोध न करता, जसा वर गेला होता तसाच. सोडला की पुन्हा वर जाईल असं वाटून तिनं तो सोडला नाही. नवऱ्यानं भोवतालची सगळी फरशी पुसली, तिच्याभोवती वळसा घेऊन पलीकडचीही पुसली, फडकं पिळलं, तरी ती तिथंच बसून होती, एका हातात तेवढा हात, आणि बबडी दुसऱ्या हातानं चित्र रंगवायला लागली होती.